उंबऱ्यातला शॉट

गिरगाव, मुंबई ४
१६ नोव्हेंबर १९५८

गं. भा. मीराबाई रासम यांना राजलक्ष्मी त्रिलोकेकर हिचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या गावच्या शाळेतले हेरंब गुरुजी तुम्हाला वाचून दाखवतील, असं तुमचे दीर रघु यांनी सांगितलं. गुरुजी, तुम्हालाही नमस्कार. आपली ओळख नाही, म्हणून आधी स्वतःबद्दल थोडं लिहिते. मी सिनेमाच्या धंद्यातली बाई. बारा वर्षं परळच्या स्टुडिओत कंटिन्यूइटीची वही लिहिली. नटीने कालच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर घेतला होता, पेल्यात पाणी किती होतं, ते टिपून ठेवायचं, म्हणजे आजचा शॉट कालच्याला जुळतो. त्यातूनच पटकथा लिहायला लागले. आणि यंदा पहिल्यांदा एक सिनेमा मी स्वतः दिग्दर्शित केला. गिरणीकामगाराच्या बायकोची गोष्ट आहे. त्यातलं बरंचसं शूटिंग लालबागला मीराबाईंच्या खोलीत झालं. एवढं माहीत असलं की पुढचं वाचायला सोपं जाईल.

मीराबाई, तुम्ही मुंबई सोडल्याचं मला चार दिवसांनी कळलं. बुधवारी चाळीत आले तर तुमच्या खानावळीला कुलूप. दारात जेवायला आलेले दोघे-तिघे उभे होते. रघु गॅलरीत विडी ओढत बसले होते. मी विचारलं, "मीराबाई कुठे आहेत?"

"गावाक."

"कधी येणार?"

"आता कित्याक येतली?" ते म्हणाले. "अख्ख्या चाळीन तुमचो सिनेमा बघितल्यान. माझ्या वैनीच्या कपाळार कुंकू. माझो भाव गोळी लागान मेलो ता सगळ्यांका म्हायत असा. चाळीतल्यो बायको म्हणतत, घोवाच्या मरणाचा नाटक केल्यान. आता तुमीच सांगा, ती हय कशी रवतली?"

मी पत्ता मागितला. त्यांनी दिला, पण लिहून दिला नाही. तोंडाने सांगितला आणि आत गेले.

हे पत्र गैरसमज दूर करायला लिहिते आहे. शूटिंगच्या दिवशी तुम्ही नायिकेला उंबऱ्यात बसून दाखवत होतात तेव्हा कॅमेरा चुकून चालू राहिला. पुढे फिल्म जोडायला बसलो तेव्हा तो तुकडा हाती आला. तो इतका खरा होता की नायिकेचे सगळे टेक त्याच्यापुढे पोरखेळ वाटले. तुमचा चेहरा अर्धा अंधारात आहे. बघणाऱ्याला ती नायिकाच वाटते. वर्तमानपत्रांनीही त्या प्रसंगासाठी तिचंच कौतुक केलं आहे. चाळीतल्या बायका तुम्हाला ओळखतील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुम्ही परत यावं. मी स्वतः चाळीत येऊन सगळ्यांना सांगेन की तुमचा यात काही दोष नाही. उत्तराची वाट बघते.

आपली,
राजलक्ष्मी

—

गिरगाव
२५ जानेवारी १९५९

मीराबाईंना नमस्कार.

गुरुजींचं कार्ड मिळालं. "पत्र वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर त्या म्हशीला पाणी दाखवायला गेल्या." गुरुजी, जे घडलं तेवढंच लिहिलंत, बरं केलंत.

मागच्या पत्रात कॅमेरा चुकून चालू राहिला असं लिहिलं होतं. ते पुरतं खरं नाही. आमचा कॅमेरामन कोंडीराम मोठा जिद्दी माणूस. तुम्ही बसलात तशी त्याला हौस आली आणि त्याने आपल्या मनाने बटण दाबलं. त्याबद्दल मी त्याला बोलले आहे.

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. मी लिहिलेल्या प्रसंगात नवरा गेल्याचं कळताच नायिका भिंतीवर हात आपटून बांगड्या फोडते. नायिका तालीम करत होती आणि तुम्ही चुलीपाशी बसून हसलात. एवढ्या माणसांसमोर फक्त तुम्ही हसलात.

"असा कोण फोडता, बाई?" तुम्ही म्हणालात. "आपल्या हातान कोणच फोडीत नाय. म्हाताऱ्यो बायको येतत, हात धरतत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी? मी हात लपवलंय."

"कुठे?"

मग तुम्ही उठून उंबऱ्यात येऊन बसलात. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेत, अंगाचं सगळं वजन त्यांच्यावर टाकलंत आणि मान एका बाजूला वळवलीत. बारा वर्षं स्टुडिओत काढली, पण बाईमाणूस असं बसताना मी पाहिलं नव्हतं. कुठल्याही सिनेमात नाही. नंतर नायिकेने तसं बसून बघितलं. नऊ टेक झाले. तिचे हात मांडीखाली होते, पण त्यांच्यावर भार नव्हता.

तुम्हाला माझ्या अडचणीही सांगायला हव्यात. माझे मावसभाऊ वीरेंद्र हे आमचे निर्माते. त्यांच्या नऊ सिनेमांच्या पटकथा मी लिहिल्या. पडद्यावर नाव त्यांचं येत असे. मी कधी तक्रार केली नाही, कारण ते म्हणायचे, "राजू, एकदा तुझ्या नावाचा सिनेमा करू." तो हा सिनेमा. तो पडला असता तर दुसरा कधी मिळाला नसता. बाईच्या हाती पुन्हा कॅमेरा कोण देतो? आता तेरावा आठवडा चालू आहे आणि वीरेंद्रभाऊ दुसऱ्या सिनेमाचं बोलू लागले आहेत.

परवा तुमच्या यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लोकांनी चाळीच्या तोंडाशी त्यांचा फोटो ठेवला होता. मी हार घेऊन गेले. रघुंनी हार माझ्या हातातून घेतला, फोटोला घातला आणि म्हणाले, "झाला? आता जावा." मी निघाले.

तुम्ही दोन ओळी तरी लिहवून पाठवा. रागावून का होईना.

आपली,
राजलक्ष्मी

—

गिरगाव
२२ फेब्रुवारी १९५९

मीराबाई,

आज एक वेगळी हकीकत सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. गुरुजी, हे सावकाश वाचा. मधे त्या उठून गेल्या तर जाऊ द्या, आल्या की जिथे थांबलात तिथून पुढे वाचा.

गेल्या आठवड्यात जपानहून सिनेमावाल्यांचं एक मंडळ मुंबईत आलं होतं. त्यात एक बाई होती. तानिगावा फुमिको तिचं नाव. दिग्दर्शिका. तिकडेही अशा बाया बोटांवर मोजण्याइतक्याच. आपला सिनेमा तिला दाखवावा असं वीरेंद्रभाऊंनी ठरवलं आणि दादरच्या एका लहान थेटरात दुपारी खास खेळ ठेवला. थेटरात आम्ही पाचजण. ती माझ्या शेजारी बसली. करडा कोट, मांडीवर छोटी वही. काळोखातसुद्धा तिची पेन्सिल चालू होती. मला ती ओळखीची खूण वाटली. अंधारात न बघता लिहायला कंटिन्यूइटीवाल्या बाईलाच येतं.

उंबऱ्याचा प्रसंग आला आणि तिची पेन्सिल थांबली. खेळ संपल्यावर तिने तेवढाच भाग परत दाखवायला सांगितला. मग तिच्याबरोबरच्या दुभाष्यामार्फत विचारलं, "ही बाई कोण?"

"नायिका," वीरेंद्रभाऊ म्हणाले.

तिने मान हलवली आणि स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. "कान वेगळे आहेत."

मीराबाई, तेव्हा मला उमगलं. नायिकेच्या कानात सबंध सिनेमाभर कुड्या आहेत. उंबऱ्यातल्या बाईचे कान बोडके आहेत. पाळीची भोकं वर्षानुवर्षं जड दागिना वागवून ताणलेली आणि आता रिकामी. तुमच्या उघड्या कानांची मला इतकी सवय झाली होती की ते मला दिसलेच नाहीत.

बाकीचे बाहेर चहाला गेले. ती थांबली, तिचा दुभाष्या थांबला. ती म्हणाली, "बाकी सगळं जुळवलंत. फक्त कान विसरलात."

या वाक्याने माझं खोटं उघडं पडलं. कारण जे चुकून घडतं ते जुळवलेलं नसतं.

आता खरं लिहिते. कोंडीरामचा दोष नाही. तुम्ही काही दिवस आधी, जेवण वाढताना, बोलता बोलता म्हणाला होतात की यजमान गेले त्या दिवशी तुम्ही कोणाला हात धरू दिले नाहीत. मी घरी जाऊन ते वहीत उतरवलं. शूटिंगच्या आदल्या दिवशी त्याच पानावर लिहिलं: हिरवं लुगडं नायिकेचं, बांगड्या उजव्या हातात सहा, डाव्या हातात सात, कुंकू आडवं. शूटिंगच्या दिवशी सकाळीच तुम्हाला मी म्हटलं, "चुलीपाशी कसं बसायचं ते नुसतं दाखवायला आहे, तालीम आहे, पण लुगडं नेसून, बांगड्या भरून दाखवलंत तर हिला नीट कळेल." तुम्ही कुंकवाला नको म्हणालात. तेव्हा मी म्हटलं, "इथे कोण बघतंय? आपणच तर आहोत." स्वतःच्या बोटाने लावलं. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आजही सांगता येतं.

कॅमेऱ्याचा आवाज तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून सकाळपासून आम्ही तो रिकामा चालवत होतो. घरघर सारखी कानावर असली की माणसाला ती ऐकू येईनाशी होते. "रिकामाच आहे, तपासतोय," असं सगळ्यांना सांगितलं होतं. दुपारी त्यात फिल्म घातली. माझ्या हातातली वही मिटली की चालू ठेवायचं, ही कोंडीरामला दिलेली खूण. बांगड्यांचा विषय मी मुद्दाम तुमच्यासमोर काढला, भिंतीवर हात आपटणं मुद्दाम ठेवलं. तुम्ही न राहवून बोलाल हे मला ठाऊक होतं. तुम्ही हसलात आणि मी वही मिटली.

त्या जपानी बाईला मी हे सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. ती परकी होती आणि आठवड्याने जाणार होती म्हणून असेल. तिने ऐकून घेतलं. मग स्वतःचं सांगितलं. सोळाव्या वर्षी स्टुडिओत लागली, अठरा वर्षं वही लिहिली, दुसऱ्यांच्या नावावर पटकथा लिहिल्या. अगदी माझंच आयुष्य कोणी दुसऱ्या भाषेत वाचून दाखवावं तसं. मग तिला पहिला सिनेमा मिळाला. लढाईवरून माणसं परत आणणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर एक म्हातारी मुलाची वाट बघत उभी होती. हिने मासळीच्या हातगाडीत कॅमेरा लपवून तिचा चेहरा टिपला. सगळी बोट रिकामी झाली आणि मुलगा उतरला नाही, तिथपर्यंत टिपला.

"मग?" मी विचारलं. "त्या बाईला पुढे शोधलंत?"

"नाही."

"काही झालं नाही?"

"काही नाही. सिनेमा चालला. दुसरा मिळाला. त्या दुसऱ्या सिनेमात मला प्रत्येक नटीचा चेहरा खोटा दिसायला लागला. एका मुलीला मी एकतीस वेळा रडायला लावलं. ती सेट सोडून गेली. त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. आता मी रेडिओसाठी लिहिते. तिथे चेहरे नसतात."

हे सांगताना ती थोडी हसली. दुभाष्या हसला नाही.

जाताना तिने वीरेंद्रभाऊंना सांगितलं की शरद ऋतूत टोकियोमध्ये बायकांनी केलेले सिनेमे दाखवणार आहेत, तुमचा पाठवा, दिग्दर्शिकेलाही पाठवा. भाऊ आनंदाने वेडे झाले आहेत. दुसऱ्या सिनेमाची तारीखसुद्धा ठरली. टोकियोहून आलं की लगेच.

मीराबाई, तुम्हाला मी फसवलं. आता तुम्ही सांगाल ते मी करीन.

राजलक्ष्मी

—

गिरगाव
१९ एप्रिल १९५९

मीराबाई,

तुमचं उत्तर मिळालं. गुरुजींनी तुमचं बोलणं जसंच्या तसं उतरवून पाठवलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानते. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं. तरी इथे परत लिहिते, म्हणजे मला ते नीट कळलं की नाही हे तुम्हाला ताडून बघता येईल.

"बाई, लोक माका काय बोललें ता मी सोसलंय. कुंकवाचा पण सोसलंय. पण त्या दिवशी मी त्येंचा नाव घेतलंय. लगीन झाल्यापासून मी तां नाव कधी घेवक नाय. त्येंका गोळी लागली तेवा घेतलंय आणि मगे तुमका दाखवतना घेतलंय. थेटरात माझो चेरो बघितलंय आणि माझ्या तोंडातना दुसऱ्याच बापयमाणसाचा नाव इला. तां माका सोसवत नाय. माझो चेरो ठेवलात आणि त्येंचा नाव काढलात. नाव परत घाला, नायतर माझो चेरो काढा."

मीराबाई, मी फसवणुकीचा विचार केला, कुंकवाचा केला, चाळीतल्या बायकांचा केला. याचा मी एकदाही विचार केला नव्हता.

उंबऱ्यात बसून हात दाबून तुम्ही हाक मारली होतीत. "दौलत, उठ. ह्येंका सांग." मला ऐकू आलं होतं. आमच्या सिनेमातल्या नवऱ्याचं नाव गणपत. म्हणून आम्ही तुमचा आवाज काढला आणि नायिकेच्या आवाजात "गणपत" भरलं. दोन्ही नावांचा शेवट सारखा आहे. ओठांची हालचाल बरीचशी जुळली, तेव्हा मी आणि आमचा साउंड रेकॉर्डिस्ट दत्ताराम, दोघे खूश झालो होतो. मी त्याची पाठ थोपटली होती.

आमच्या घरात माझी आई वडिलांना नावाने हाक मारायची नाही. आम्ही मुली शिकलो, तेव्हा त्यावरून तिची थट्टा करायचो. कदाचित म्हणून माझ्या डोक्यात आलं नसेल. पण हे कारण सांगून उपयोग नाही.

काल वीरेंद्रभाऊंकडे गेले. म्हटलं, त्या प्रसंगात मूळ आवाज परत घालायचा आहे.

"म्हणजे तिथे ती बाई दौलत म्हणणार?"

"हो."

"आणि बाकी सिनेमाभर गणपत? राजू, लोक हसतील. म्हणतील कंटिन्यूइटीवालीचा सिनेमा आणि नवऱ्याचं नाव मधेच बदलतं."

"मग तो शॉट काढू."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो शॉट काढला तर त्या सिनेमात राहिलं काय? टोकियोवाल्यांनी तो कशासाठी मागितला? त्या बाईला तिकडे खेड्यात कोण सिनेमा दाखवणार आहे? विसरून जाईल ती."

"ती विसरणार नाही."

"मग तू विसर," ते म्हणाले. मोठ्याने नाही. त्यांनी मला बारा वर्षं सांभाळलं आहे. ते वाईट माणूस नाहीत.

टोकियोसाठी नवीन प्रिंट पुढल्या महिन्यात निघेल. तुम्ही जे सांगितलंत ते करायला मला तेवढाच वेळ आहे. केलं की कळवते. नाही जमलं तर तेही कळवीन.

राजलक्ष्मी

—

गिरगाव
८ मार्च १९६०

मीराबाई,

अकरा महिने गप्प राहिले. एक पुडकं तुमच्याकडे पोचवायचं होतं आणि ते पोस्टाने पाठवायचं धाडस होत नव्हतं. गणपतीला रघु गावी निघाले तेव्हा त्यांच्याकडे घेऊन गेले होते. ते म्हणाले, "तुमच्या हातचा मी काय्येक न्हेवचंय नाय." आता शिमग्याला निघाले आहेत. या खेपेला सगळं सांगितलं. पुडक्यात काय आहे तेही सांगितलं. त्यांनी ते कागदावरून थोडा वेळ चाचपलं आणि ट्रंकेत कपड्यांच्या मधे ठेवलं. जाताना म्हणाले, "आता राज्य आपला होतला. चाळीत दिवे लावतले. भावाचो फोटो मोठो करूक दिलो हा. पण वैनी येवची नाय." मी विचारलं, "तुम्ही बोलवाल का त्यांना?" ते म्हणाले, "बघतंय."

तुमचं काम झालं, हे आधी सांगते.

मे महिन्यात, टोकियोची प्रिंट काढायच्या आधी, मी प्रयोगशाळेत गेले. तिथले लोक मला ओळखतात. बारा वर्षं वही घेऊन येणारी बाई. कोणी काही विचारलं नाही. दुपारची वेळ होती. मूळ निगेटिव्ह टेबलावर घेतलं, उंबऱ्याचा शॉट शोधला आणि दोन्ही टोकांना कापून काढला. पुढचे-मागचे तुकडे चिकटवले. नायिका दारात उभी, मग एकदम चूल. मधे काय झालं ते आता कोणालाच कळत नाही. त्या दिवसापासून जी प्रिंट निघते तिच्यात तुम्ही नाही. ज्या जुन्या प्रिंट बाहेर फिरत होत्या त्यांच्यातूनही, जिथे जिथे पोचता आलं तिथे, काढला. दोन प्रिंट नागपूरकडे गेल्या होत्या. त्या सापडल्या नाहीत. हे लपवत नाही.

टोकियोला प्रिंट गेली. मी गेले नाही. वीरेंद्रभाऊंना तोवर कळलं होतं. ते घरी आले, आईने चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "राजू, तू माझा सिनेमा कापलास."

"माझाही होता."

"होता," ते म्हणाले आणि गेले. दुसरा सिनेमा अर्थातच नाही. त्यांनी तो दुसऱ्या दिग्दर्शकाला दिला. पटकथा माझीच आहे, नाव माझं नाही.

फुमिकोबाईंचं एक पत्र आलं, इंग्रजीत, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. चार ओळी. सिनेमा दाखवला, लोकांनी शांतपणे पाहिला, फारसं कोणी काही बोललं नाही. शेवटी लिहिलं होतं: "मी तो शॉट शोधत होते. नव्हता." पुढे काही नाही. ते तिला आवडलं की खटकलं, मला ठरवता येत नाही.

मी पुन्हा परळला वही लिहिते आहे. एका नव्या दिग्दर्शकाच्या हाताखाली. पोरगाच म्हणा, मला "राजूताई" म्हणतो. परवा त्याच्या नायिकेच्या कानात एका शॉटला कुडी आणि दुसऱ्याला मोती होते. मी सांगितलं, त्याने टेक परत घेतला. सगळे म्हणाले, राजूताईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

आता पुडक्याबद्दल.

तुम्ही दोन गोष्टींतली एक मागितली होती. चेहरा मी काढला. पण नावाचं काय, हा प्रश्न मला सोडत नव्हता. दत्तारामला विचारलं. आवाज वेगळ्या फिल्मवर घेतात, चित्र वेगळ्यावर. त्या दिवशी तुमच्या दारावर मायक्रोफोन टांगलेला होता आणि तोही चालू होता. दत्ताराम म्हणाला, "बाई, ते डबे मी फेकले नाहीत. फेकवले नाहीत माझ्याने." त्याच्या टेबलाखालून त्याने डबा काढला. वर "तालीम" अशी चिठ्ठी होती. आम्ही ती पट्टी यंत्रावर लावून ऐकली. तुमचा आवाज आला. तुमचं हसणं. बाहेरून कोणीतरी पाण्यावरून भांडत होतं. मग हाक. दत्ताराम उठून बाहेर गेला. माझ्याच्याने परत लावून ऐकवलं नाही.

गावात यंत्र नाही, ऐकवता येणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पट्टीच पाठवते आहे. गुंडाळी केली आहे, उलगडली की माणसाच्या उंचीएवढी भरेल. ती उन्हाकडे धरा. कडेला लांबच्या लांब एक दातेरी रेघ दिसेल, करवतीच्या पात्यासारखी. आवाज फिल्मवर असा उमटतो. मोठ्याने बोललं की दात मोठे, हळू बोललं की बारीक. सुरुवातीला एकदम दोन मोठे उंचवटे आहेत. तेच त्यांचं नाव. दुसऱ्या उंचवट्याचं टोक जरा वाकडं आहे, तिथे तुमचा आवाज फुटला होता. पुढे बारीक दात, "उठ. ह्येंका सांग." मग रेघ सपाट होते.

याची दुसरी प्रत नाही. दत्तारामला मी ठेवू दिली नाही. ठेवायची, पुरायची, नदीत सोडायची, तुमच्या मनाला येईल ते करा.

शेवटी एक राहिलं आहे, तेही सांगते. ती सपाट रेघ मुळात इथे संपत नव्हती. तुम्ही थांबलात, आणि लगेच पुढे आणखी एक आवाज होता. तुमचे हात अजून मांड्यांखाली होते. तुम्ही मान वर केली नव्हती. आणि मी म्हणाले होते, "छान."

तेवढा तुकडा कापून घेतला आहे. तो माझ्याकडे ठेवते.

राजलक्ष्मी